पॅच बसत नसेल तर आधी त्याची इंडेक्स ओळ वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या रेपोमधून (गिट कोडमधल्या बदलांचा इतिहास जिथे ठेवतं तो साठा) 'गिट फॉरमॅट-पॅच'नं सात पॅच, म्हणजे बदल लिहिलेल्या सात फायली, काढल्या. ग्राहकाच्या सर्व्हरवर इंटरनेट नाही, गिटचा रेपोही नाही, नुसती सोर्सची प्रत आहे. पॅच मेलनं पाठवले, तिथल्या माणसानं ते पेन ड्राइव्हवरून सर्व्हरवर नेले. 'गिट अप्लाय'नं पहिले दोन बसले, तिसऱ्याला 'पॅच डझ नॉट अप्लाय' आलं. व्हाइटस्पेसकडे, म्हणजे स्पेस-टॅबच्या फरकांकडे, दुर्लक्ष करायचा पर्याय देऊन पाहिला, फरक पडला नाही. शेवटी जुन्या 'पॅच' कमांडला तोच दिला, तर 'हंक १ सक्सीडेड ॲट २१२ विथ फझ २' म्हणत मुकाट बसला. मग गिटच उगाच अडून बसतंय का, आणि उरलेले चार असेच बसवून टाकू का?

नका बसवू. तिसराही बसला आहे असं इतक्यात धरू नका.

पॅच उघडलात तर प्रत्येक हंकच्या, म्हणजे बदलाच्या एकेका तुकड्याच्या, डोक्यावर '@@ -२०५,७ +२०५,९ @@' अशी ओळ दिसेल. जुन्या फाईलमध्ये २०५व्या ओळीपासून ७ ओळी, नव्या फाईलमध्ये त्याच जागी ९. पुष्कळांना हा आकडा म्हणजे पत्ता वाटतो. तो पत्ता नाही, 'मारुतीच्या देवळापाशी येऊन विचारा' एवढीच खूण आहे. खरा पत्ता म्हणजे बदलाच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन न बदललेल्या ओळी, ज्याला आपण कॉन्टेक्स्ट म्हणतो. या शेजारच्या ओळी जिथे जुळतील तिथे बदल करायचा. फाईलमध्ये वर कुणी पाच-सात ओळी घातल्या असतील तर जागा खाली सरकते. गिट आणि पॅच दोघेही ती शोधून काढतात.

फरक पुढे आहे. लॅरी वॉलनं १९८५ साली 'पॅच' प्रसिद्ध केला तेव्हा प्रत्येकाकडची सोर्सची प्रत थोडी वेगळी असणार हे गृहीतच होतं. म्हणून तो सैल आहे. सगळा शेजार जुळला नाही तर तो वरची आणि खालची एकेक टोकाची ओळ सोडून पुन्हा बघतो, त्याला म्हणायचं फझ १. तरीही नाही जमलं तर दोन-दोन ओळी सोडतो, तो फझ २. मुळात तीन ओळी असतात, म्हणजे फझ २ला वर एक आणि खाली एक ओळ जुळली की त्याचं समाधान. 'गिट अप्लाय' जागा सरकलेली चालवून घेतं, पण आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय शेजारातली एकही ओळ सोडत नाही. तुमच्या बाबतीत गिटनं जे सांगितलं आणि पॅचनं जे सांगितलं ते एकच आहे: टोकाच्या ओळी जुळत नाहीत. एकानं ते कारण धरून नकार दिला, दुसऱ्यानं पुटपुटत होकार दिला.

या पुटपुटण्याकडे मी एकदा दुर्लक्ष केलं होतं. हिशोबाची एक प्रणाली होती, तीत जमा आणि नावे अशी दोन जुळी फंक्शनं एकाखाली एक. आतल्या ओळी सारख्याच, फरक फक्त नावाच्या ओळीत, आणि ती नावाची ओळ नेमकी कॉन्टेक्स्टच्या टोकाला. फझनं टोक सोडलं आणि जमेसाठी लिहिलेली तपासणी नावेच्या फंक्शनमध्ये जाऊन बसली. कंपाइल झालं. चाललंही. महिनाअखेरीस हिशोब लागेना तेव्हा कळलं. तेव्हापासून 'फझ' हा शब्द दिसला की मी पॅच बसला असं म्हणत नाही, लटकला म्हणतो.

(गिटही या बाबतीत अगदी सोवळं नाही. कोड पुनःपुन्हा तसाच येत असेल आणि तिन्ही ओळी दुसरीकडे तंतोतंत जुळत असतील, तर तेही चुकीच्या जागी बसवेल. अशा फायलींसाठी पॅच काढतानाच '-यू१०' देऊन दहा ओळींचा शेजार द्यावा.)

एक गोष्ट मात्र तुमच्या पथ्यावर पडली आहे. ग्नू पॅच, म्हणजे लिनक्सवर सहसा असतो तो 'पॅच', जेव्हा जागा सरकवून किंवा फझनं बसवतो तेव्हा मूळ फाईलची '.ऑरिग' प्रत शेजारी ठेवतो. ती शोधा. पहिले दोन पॅच बसल्यानंतरची आणि तिसऱ्याआधीची फाईल तीच. पुढचा सगळा तपास तिच्यावर करायचा आहे.

आता मुख्य गोष्ट. पॅच बसत नाही म्हटल्यावर लोक पर्याय बदलत बसतात: व्हाइटस्पेस सोडून बघ, '-पी०' देऊन बघ, कॉन्टेक्स्ट कमी करून बघ. हे म्हणजे कुलूप कोणतं ते न बघता जुडग्यातली एकेक किल्ली लावत बसणं. पॅच ज्या फाईलवरून निघाला ती आणि समोरची फाईल एकच आहे का, हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर गिटनं पॅचमध्येच लिहून ठेवलेलं असतं. 'डिफ --गिट' या ओळीखाली एक ओळ असते, जी कुणी वाचत नाही:

इंडेक्स ९०४४२१६..३३७१०५८ १००६४४

डावीकडचा आकडा म्हणजे बदलाआधीच्या संपूर्ण फाईलच्या हॅशची (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची) सुरुवात, उजवीकडचा बदलानंतरच्या फाईलचा, आणि शेवटचा फाईलचा मोड. (खऱ्या हॅशमध्ये अक्षरंही असतात, इथे सोयीसाठी नुसते अंक घेतले.) आता ग्राहकाच्या सर्व्हरवर त्या .ऑरिग फाईलवर 'गिट हॅश-ऑब्जेक्ट' चालवा. रेपो लागत नाही, गिट असलं की पुरे. विंडोज असेल तर '--नो-फिल्टर्स' हा पर्याय द्या, नाहीतर ओळींच्या शेवटांचं रूपांतर करून हॅश काढला जाईल आणि फसगत होईल. येणारा हॅश डावीकडच्या आकड्यानं सुरू होतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानं शक्यतांचे सरळ दोन भाग पडतात.

हॅश जुळला, तर फाईल बरोबर आहे आणि पॅच वाटेत खराब झाला आहे. नाही जुळला, तर पॅच कदाचित धडधाकट असेल. फाईल वेगळी आहे. ठिगळ चांगलं, पण कापड दुसरंच.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता दाट वाटते. मेलनं वाट लावली असती तर बहुधा पहिल्या दोघांनाही फटका बसला असता. म्हणून आधी तिकडेच वळतो.

फॉरमॅट-पॅचनं काढलेल्या मालिकेत एक साखळी असते. समजा दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅचनं एकाच फाईलला हात लावला आहे. मग दुसऱ्याच्या इंडेक्स ओळीतला उजवा आकडा आणि तिसऱ्याच्या ओळीतला डावा आकडा एकच असला पाहिजे, कारण दुसऱ्यानं फाईल जिथे सोडली तिथूनच तिसऱ्यानं उचलायची. सातही पॅचमधून त्या फाईलच्या इंडेक्स ओळी 'ग्रेप'नं काढून एकाखाली एक मांडा. दुसऱ्यात 'इंडेक्स १२६०९४३..५५३०८१७' आहे आणि तिसऱ्यात 'इंडेक्स ९०४४२१६..३३७१०५८', म्हणजे ५५३०८१७ वर थांबलेली फाईल पुढे ९०४४२१६ पासून सुरू होते, तर कडी तुटली आहे. ग्राहकाकडच्या .ऑरिगचा हॅश ५५३०८१७ आला तर ग्राहक पूर्ण निर्दोष. खोट तुम्ही पाठवलेल्या मालिकेतच आहे.

ही कडी कशी तुटते? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मर्जमुळे, म्हणजे कोडच्या दोन शाखा (ब्रँच) एकत्र केल्यामुळे. तुमच्या ब्रँचवर दुसऱ्या आणि तिसऱ्या कमिटच्या (रेपोत नोंदवलेल्या बदलाच्या) मध्ये कुणीतरी मुख्य ब्रँच ओढून मर्ज केली असणार, कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल, आला असणार, आणि तो हातानं सोडवला असणार. फॉरमॅट-पॅच मर्ज कमिटचा पॅच काढतच नाही. चूक म्हणून नव्हे, त्याचं कामच तसं ठरलेलं आहे: मर्जला दोन आईबाप, पॅच कुठल्यावरून काढायचा? पण परिणाम असा की त्या मर्जमध्ये सोडवलेला कॉन्फ्लिक्ट सातही पॅचमध्ये कुठेच नसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तिसरा पॅच मर्जनंतरच्या फाईलवरून निघाला आणि ग्राहकाकडे मर्ज पोचलाच नाही. 'गिट लॉग --मर्जेस' त्याच रेंजवर चालवा, एकही ओळ आली तर दोषी सापडला म्हणून समजा. न आली तर कुणी मधला एखादा पॅच 'हा ग्राहकाला नको' म्हणून वगळला होता का ते विचारा. तेही होतं.

कडी मर्जमुळे तुटली असेल तर उपाय दोन. कमिट वेगवेगळे दिसण्याची ग्राहकाला गरज नसेल, आणि सहसा नसतेच, तर मालिका विसरा. ग्राहकाकडे जो रिलीज आहे त्याचा टॅग (रेपोतली त्या आवृत्तीची खूण) घ्या आणि टॅगपासून आजच्या टोकापर्यंत एकच डिफ, म्हणजे फरकाची यादी, काढा: 'गिट डिफ --बायनरी --फुल-इंडेक्स', पुढे टॅग, पुढे ब्रँच. मर्ज असो नसो, दोन अवस्थांमधला फरक त्यात पूर्ण येतो. मध्ये तीन टिंबं घालू नका. तीन टिंबं म्हणजे दोन्हींच्या समान पूर्वजापासूनचा फरक, आणि रिलीजची ब्रँच वेगळी निघाली असेल तर तो पूर्वज ग्राहकाकडे नाही. कमिट वेगळे हवेच असतील तर त्या टॅगवर रिबेस करून, म्हणजे कमिट एकेक करून त्यावर पुन्हा रचून, इतिहास सरळ रेषेत आणा आणि मग फॉरमॅट-पॅच काढा. रिबेस करताना तोच कॉन्फ्लिक्ट परत सोडवावा लागेल, पण या वेळी तो कमिटच्या आत जाऊन बसेल.

आता फाईल वेगळी असण्याचं दुसरं कारण: साखळी अखंड आहे, पण .ऑरिगचा हॅश तिच्यातल्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाही. म्हणजे ग्राहकाकडची फाईल तुम्ही दिलेली नाही. रात्री काहीतरी अडलं, कुणीतरी सर्व्हरवर 'व्हीआय' एडिटर उघडून दोन ओळी बदलल्या, काम भागलं, सांगायचं राहिलं. हे कुणी कबूल करत नाही आणि रागावून उपयोगही नाही. पहिले दोन पॅच तरीही बसतात, कारण त्यांच्या शेजारात तो बदल नव्हता. पॅच 'बसतो' याचा अर्थ फाईल तीच आहे असा होत नाही, शेजारच्या तीन-तीन ओळी त्याच आहेत इतकाच होतो.

इथे लोक सुचवतात की 'गिट अप्लाय --थ्री-वे' द्या. पर्याय उत्तम आहे. इंडेक्स ओळीतला डावा हॅश घेऊन गिट ती मूळ फाईल रेपोमधून काढतं आणि मूळ, तुमची नवी आणि समोरची अशा तिघांचं रीतसर मर्ज करतं. कॉन्फ्लिक्ट आला तर नेहमीच्या खुणा फाईलमध्ये टाकतं. २०२१च्या २.३२ आवृत्तीपासून तर हा पर्याय दिला की गिट आधी थ्री-वेच करून बघतं आणि ते नाही जमलं तरच साध्या पद्धतीकडे वळतं. त्याआधी क्रम उलटा होता. पण यासाठी ती मूळ फाईल, म्हणजे ब्लॉब, त्या रेपोमध्ये असावा लागतो. ग्राहकाकडे रेपोच नाही. तिथे 'गिट इनिट' करून आहे ती प्रत कमिट केली तरी तो जुना ब्लॉब येणार कुठून? 'रेपॉझिटरी लॅक्स द नेसेसरी ब्लॉब' असं उत्तर मिळेल.

म्हणून उलटं करा. पॅच ग्राहकाकडे नेऊन झगडण्याऐवजी ग्राहकाची फाईल घरी आणा. रिलीज टॅगवरून एक ब्रँच काढा, ग्राहकाकडच्या फायली तिच्यावर जशाच्या तशा ठेवून कमिट करा, संदेशात लिहा 'ग्राहकाकडची प्रत, अमुक तारीख'. आता डिफमध्ये त्या रात्रीच्या दोन ओळी उघड दिसतील. मग त्या ब्रँचवर तुमचे सात कमिट चेरी-पिक करा, म्हणजे एकेक उचलून लावा. सगळे ब्लॉब तुमच्याकडे आहेत, त्यामुळे थ्री-वे मर्ज पूर्ण ताकदीनं चालतं, आणि कॉन्फ्लिक्ट तुमच्या खुर्चीत बसून सुटतो, ग्राहकाच्या सर्व्हर रूममध्ये उभ्या उभ्या नव्हे. तिथून काढलेले पॅच ग्राहकाकडे निमूट बसतात. ती ब्रँच पुसू नका. पुढच्या वेळी लागेलच.

मूळ फाईल नेमकी कोणत्या कमिटमधली हेच कळत नसेल, म्हणजे पॅच हातात आहे पण कुणी कधी काढला पत्ता नाही, तर तुमच्या रेपोत 'गिट लॉग --फाइंड-ऑब्जेक्ट' देऊन इंडेक्स ओळीतला डावा हॅश द्या. तो ब्लॉब कोणत्या कमिटमध्ये आला आणि कोणत्या कमिटमध्ये गेला ते दिसेल. २०१८पासूनच्या गिटमध्ये हा पर्याय आहे. फॉरमॅट-पॅच काढतानाच '--बेस' दिला असता तर पॅचच्या तळाशी 'बेस-कमिट' अशी ओळ आली असती आणि हा शोध वाचला असता. लिनक्स कर्नलवाले मेलनं पॅच पाठवताना ती ओळ वापरतात. मी आता प्रत्येक मालिकेला ती लावतो.

आता राहिलेली पहिली शक्यता: हॅश जुळला, फाईल तीच आहे, तरी पॅच बसत नाही. म्हणजे पॅच वाटेत बिघडला. तुमच्या बाबतीत मेल, पेन ड्राइव्ह आणि मधला माणूस असे तीन टप्पे आहेत. पेन ड्राइव्ह काही बिघडवत नाही. मेल बिघडवतो: पॅच मजकुरात चिकटवला तर लांब ओळी मोडतात, टॅबचे स्पेस होतात, काही स्पेसचे नॉन-ब्रेकिंग स्पेस होतात. शेवटचा प्रकार लबाड आहे, कारण डोळ्याला दिसत नाही आणि गिटचा व्हाइटस्पेस दुर्लक्षित करायचा पर्यायही त्याला व्हाइटस्पेस मानत नाही. पॅच नेहमी झिप करून जोडावा आणि सोबत त्याचा शा-२५६ बेरीज-आकडा द्यावा. तिकडच्या माणसानं तो ताडून बघितला की वाद संपला.

माणूस बिघडवतो तो असा की पॅच एडिटरमध्ये उघडतो, 'फक्त बघायला', आणि सेव्ह करतो. काही एडिटर सेव्ह करताना ओळींच्या शेवटचे स्पेस छाटतात. पॅचमध्ये पहिला रकाना खुणेचा असतो: अधिक, उणे किंवा स्पेस. कॉन्टेक्स्टमधल्या रिकाम्या ओळीवरचा एकटा स्पेस गेला तर गिट सांभाळून घेतं, पण मूळ कोडमध्येच ओळीच्या शेवटी स्पेस असतील आणि ते छाटले गेले तर ती ओळ जुळणार नाही. फाईलच्या शेवटच्या रिकाम्या ओळी छाटल्या गेल्या किंवा कुणी हंकमधली एखादी ओळ हातानं काढली, तर हंकच्या डोक्यावरचा हिशोब चुकतो आणि 'करप्ट पॅच ॲट लाइन' असा संदेश येतो. हा संदेश 'डझ नॉट अप्लाय'पेक्षा वेगळा आहे हे लक्षात घ्या: इथे गिटनं तुमच्या फाईलकडे अजून पाहिलेलंही नाही, पॅचच्याच ओळी मोजताना ते अडकलं आहे. हातानं केलेला बदल तुम्हाला हवाच असेल तर '--रीकाउंट' दिल्यावर गिट डोक्यावरचे आकडे न मानता स्वतः ओळी मोजतं.

विंडोजवाल्यांसाठी एक जुनं दुखणं. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये 'गिट डिफ'चं आउटपुट '>' या बाणानं फाईलमध्ये वळवलं तर ती फाईल यूटीएफ-१६ होते. एडिटरमध्ये छान दिसते, पण गिटला त्यात पॅचच सापडत नाही. बाण वापरू नका, 'गिट डिफ --आउटपुट' देऊन गिटलाच फाईल लिहू द्या. फॉरमॅट-पॅच स्वतःच फायली लिहितं, त्यामुळे तिथे हा धोका नाही.

ओळींच्या शेवटांचा, म्हणजे सीआर-एलएफचा घोळ (विंडोज ओळ संपवायला ही दोन चिन्हं वापरतं, लिनक्स नुसतं एलएफ) सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातला एक कोपरा कमी माहीत आहे. फायली रेपोमध्येच सीआर-एलएफनं कमिट झालेल्या असतील तर तोच पॅच 'गिट अप्लाय'नं बसतो आणि 'गिट एएम'नं (मेलमधला पॅच बसवून कमिटही करणारी कमांड) बसत नाही. कारण एएम मेलपेटी फोडताना ओळींच्या शेवटचे सीआर काढून टाकतं. '--कीप-सीआर' द्या. याच एएमचा आणखी एक नमुना: कमिटच्या संदेशात कुणी 'डिफ -' नं सुरू होणारी ओळ उदाहरण म्हणून लिहिली, तर एएमला वाटतं पॅच इथूनच सुरू झाला. संदेश तिथेच तुटतो आणि उदाहरणाला पॅच समजून ते बसवायला जातं. माझा अर्धा दिवस यात गेला आहे, आणि तो संदेश मीच लिहिलेला होता.

आणि एक प्रकार मराठीत काम करणाऱ्यांनाच भेटतो. भाषांतराच्या '.पीओ' फायलींचे पॅच कधी कधी असे अडतात की दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तरी अक्षरभर फरक दिसत नाही. 'दुसऱ्या' शब्दातला 'ऱ्य' बघा. तो नुक्तावाला ऱ (यू+०९३१) आणि हलन्त असा साठवता येतो; साधा र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलन्त असाही; आणि साधा र, हलन्त, त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असाही. पडद्यावर तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या दृष्टीनं समान आहेत, म्हणून एखादं साधन फाईल सेव्ह करताना एकाचं दुसरं करून टाकतं. तिसऱ्यातला जॉइनर एखाद्या चॅट खिडकीतून किंवा वेब फॉर्ममधून जाताना गळून पडू शकतो. गिट बाइट बघतं, अक्षर नव्हे, म्हणून ओळ जुळत नाही. संशय आला की दोन्ही ओळी हेक्सडंपमधून काढून ताडा. शिवाय .पीओ फायलींत प्रत्येक शब्दावर सोर्समधल्या ओळ क्रमांकाची टिप्पणी असते. सोर्स बदलला की हे सगळे क्रमांक बदलतात आणि कॉन्टेक्स्टच उडतो. अशा फायलींसाठी पॅच नाहीच वापरला तर बरा, पूर्ण फाईल पाठवावी.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगतो. 'नो सच फाईल' आलं तर बहुधा पाथचा पहिला घटक मोजण्यात गोंधळ आहे: गिटच्या पॅचमध्ये 'ए/' आणि 'बी/' असे उपसर्ग असतात आणि '-पी१' ते काढतं, काढणाऱ्याच्या कॉन्फिगमध्ये 'डिफ.नोप्रिफिक्स' चालू असताना 'गिट डिफ'नं पॅच काढला असेल तर उपसर्ग नसतात आणि '-पी०' लागतं. 'कॅनॉट अप्लाय बायनरी पॅच' आलं तर डिफ काढताना '--बायनरी' राहिलं. नवी फाईल पॅचमध्ये आलीच नाही तर ती कधी 'गिट ॲड' केलीच नव्हती. नुसतं 'गिट डिफ' अनोळखी फायलींकडे बघत नाही. '-डब्ल्यू' देऊन, म्हणजे स्पेसचे फरक लपवून काढलेला डिफ वाचायला असतो, पाठवायला नव्हे. आणि जो हंक फाईलच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो तो गिट फक्त फाईलच्या डोक्यावरच बसवायला बघतं, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूनं कुणी वर कॉपीराइटचा मजकूर चढवला असेल तर इतर हंक जुळत असले तरी तो एकच अडतो.

सातही पॅच एकदम तपासताना दोन सापळे आहेत. 'गिट अप्लाय --चेक'ला सात फायली एकामागून एक दिल्या तर प्रत्येक पॅच आत्ताच्या फाईलवर ताडला जातो, आधीचा बसला आहे असं धरून नव्हे. म्हणून दुसऱ्यावर अवलंबून असलेला तिसरा तिथे खोटाच नापास होतो. सातही 'कॅट'नं जोडून एकाच प्रवाहात द्या, मग गिट क्रम लक्षात ठेवतं. दुसरा सापळा उलट्या बाजूचा: काहीच चूक येत नाही आणि काहीच बदलतही नाही. ग्राहकाची सोर्सची प्रत दुसऱ्याच कुठल्या तरी गिट रेपोच्या पोटात असेल, समजा कुणी सगळी होम डिरेक्टरीच गिटमध्ये ठेवली आहे, तर गिट पॅचमधले पाथ त्या बाहेरच्या रेपोच्या मुळापासून मोजतं, ते आपण उभे आहोत त्या फोल्डरच्या बाहेरचे ठरतात आणि गिट ते गुपचूप सोडून देतं. '-व्ही' दिलं तर 'स्किप्ड पॅच' दिसेल. बाहेरच्या रेपोच्या मुळाशी जाऊन '--डिरेक्टरी' पर्यायानं आतला पाथ द्यावा.

तर आत्ता तुम्ही करायचं ते असं. .ऑरिग फाईल परत मूळ नावानं ठेवून तिसरा पॅच मागे घ्या. तिचा हॅश काढा, सातही पॅचमधल्या तिच्या इंडेक्स ओळी मांडा. पहिल्या दोन पॅचनी त्या फाईलला हात लावला नसेल तर ताडायला तुमच्या रेपोत 'गिट रेव्ह-पार्स' चालवून टॅग, कोलन (:) आणि फाईलचा पाथ द्या, रिलीजमधल्या त्या फाईलचा हॅश मिळेल. कुठे जुळलं, कुठे तुटलं ते कळलं की वरचा कोणता उतारा तुमचा हे उघड आहे.

आणि काम संपल्यावर सर्व्हरवरच्या सगळ्या .ऑरिग आणि .रेज (न बसलेले हंक ज्यांत पडतात त्या) फायली पुसा. तुमची प्रणाली पीएचपीची असेल तर आजच. शेवटी .ऑरिग लागलेली फाईल बऱ्याच वेब सर्व्हरच्या लेखी पीएचपी नसते, साधा मजकूर असतो, आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकणाऱ्याला डेटाबेसच्या पासवर्डसकट जशीच्या तशी वाचायला मिळते.